तो गिटारवाला मीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या अंकात वाचकांच्या पत्रांत कोजागरीच्या एका कार्यक्रमाबद्दल तक्रार छापून आली आहे. मंडळाचं नाव त्यात नाही. पण तिसऱ्या गाण्याला गिटारचा आवाज बिस्किटाच्या रिकाम्या डब्यासारखा येऊ लागला, मग कानठळ्या बसतील अशी शिट्टी वाजली आणि बायकांनी दुधाचे पेले खाली ठेवून कान झाकले, एवढं वर्णन मला ओळख पटायला पुरेसं होतं. तो गिटारवाला मीच. वर्णनाबद्दल माझी काही तक्रार नाही, डब्याची उपमा तर अगदी चपखल आहे. माझं भांडण शेवटच्या दोन ओळींशी आहे. साउंडवाल्या पोरांना काही कळत नाही, मंडळं स्वस्तातली पोरं धरून आणतात, असं त्यात म्हटलंय. त्या रात्री मिक्सरवर बसलेल्या मुलाची यात काडीचीही चूक नव्हती. पत्र छापून आल्यावर त्याचं पुढचं एक काम हातचं गेलं असं कानावर आलं, म्हणून हा खुलासा. जरा लांबेल.

मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं तंत्रज्ञ होतो. गिटार त्याच्याही आधीपासून, पण स्वतःच्या मालकीची आली ती १९८९ साली, दिवाळीच्या बोनसमधून. कोलकात्याची बनावट, वरची पाटी प्लायवूडची, कोल्हापुरातून एस.टी.ने मांडीवर ठेवून आणलेली. भावगीताच्या कार्यक्रमात साथीला मी तीच वाजवत आलो. पंचवीस वर्षं समोर माइकचा स्टँड असायचा. त्या माइकसमोर पुतळ्यासारखं बसावं लागतं. वीतभर मागे सरकलं की आवाज गायब, अंगठ्याएवढं पुढे आलं की नुसता घुमारा. आणि माइक काही फक्त गिटारच ऐकत नाही. शेजारचा तबला, पेटी, समोरच्या मॉनिटरमधून, म्हणजे आम्हाला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरमधून, येणारा गायिकेचा आवाज, सगळं त्यात शिरतं. गिटार वाढवायला जावं तर तबला वाढतो. तबलजी खूश, बाकी कोणी नाही.

यावर उपाय म्हणजे पिकअप. वाद्याचा आवाज हवेतून न घेता तारेवरून किंवा लाकडावरून थेट उचलायचा. हे काही नवीन खूळ नाही. गिब्सन कंपनी १९५४ सालीच साध्या गिटारला कारखान्यातून पिकअप बसवून विकत होती. बीटल्सनी १९६२ मध्ये घेतली ती हीच जात. आमच्याकडे मात्र अजूनही पिकअप म्हटलं की लोक आधी टेम्पो समजतात.

माझा पहिला पिकअप फुकटचा होता. पुश-बटणाचे फोन आले तेव्हा त्यांत जुनी घंटा जाऊन पितळेची एक पातळ चकती आली. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, मधे पांढरा लेप. तिला वीज दिली की ती थरथरते आणि फोन वाजतो. याला पिझो म्हणतात. पिएर आणि जॅक क्युरी या दोघा भावांनी १८८० मध्ये दाखवलं होतं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज तयार होते. त्याचं उलटंही होतं, वीज दिली की ते वाकतात. म्हणजे जी चकती बोलते तीच ऐकूही शकते. भंगारात निघालेल्या एका फोनमधून मी ती चकती काढली, दोन वायरी सोल्डर केल्या आणि गिटारच्या पोटात, ब्रिजच्या (तारा जिथे पेटीला अडकवलेल्या असतात त्या लाकडी पट्टीच्या) बरोबर खाली चिकटवली. वायर आवाजाच्या भोकातून बाहेर लोंबत होती. कार्यक्रमात लावली आणि आवाज आला तो थेट चहाच्या गाळणीतून गाळल्यासारखा. खर्ज नाहीच. वरचा चरचराट तेवढा. एक गृहस्थ म्हणाले, बॅन्जो छान वाजवता.

चकती खराब आहे असं समजून मी ती काढून फेकली. चकती चांगली होती. चूक दुसरीकडे होती आणि ती मला कळायला हवी होती, कारण माझा धंदाच तो. आडातला झरा बारीक असतो. त्याला तुम्ही पाच हॉर्सपॉवरचा पंप लावलात तर पंप हवा ओढतो, पाणी येत नाही. म्हणून काही झरा आटलेला नसतो. पिझो हा असा बारीक झरा आहे. त्याच्यात व्होल्टेज बऱ्यापैकी असतं, पण करंट देण्याची ताकद जवळजवळ नाही. मिक्सरचं साधं लाइन इनपुट त्याला दहा हजार ओहमचा भार देतं. (ओहम जितके कमी तितका पंप मोठा.) तेवढ्या भाराला खर्जाचा भाग आधी गळतो. अशी एक चकती पुढे मी मीटरवर मोजली, वीज धरून ठेवायची तिची ताकद १९ नॅनोफॅरड भरली. हिशोब मांडला तर दहा हजार ओहमवर साधारण ८०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८०० कंपनांच्या, खालचं सगळं उतरणीला लागतं. गिटारची सर्वात जाड तार मोकळी वाजते ८२ हर्ट्झला आणि सर्वात बारीक ३३० ला. म्हणजे सहाच्या सहा तारांचा मूळ सूर मिक्सरमध्ये पोचायच्या आधीच निम्म्याहून जास्त वाटेत सांडत होता आणि वरचा नुसता फेस पुढे जात होता. तीच चकती दहा लाख ओहमच्या इनपुटला लावली की हा उतार आठ हर्ट्झवर जातो, जिथे आपल्या कामाचं काहीच नाही. चकती तीच, वायर तीच, आवाज भरदार. हे कळलं तेव्हा मी निवृत्त व्हायला आलो होतो.

दुकानात शिरलं की विक्रेता पिकअप दाखवतो. तो पुढे कशात लावणार हे कोणी विचारत नाही. म्हणून मी आधी हे लिहिलं.

मधल्या काळात एकदा चुंबकाचा पिकअपही वापरून झाला. आवाजाच्या भोकात आडवा बसतो, दोन स्क्रू आवळले की झालं, गिटारला कुठे भोक पाडावं लागत नाही. भरपूर वाद्यांच्या गलक्यात तो सगळ्यात कमी कुरकुर करतो, हा त्याचा गुण. पण चुंबकाला कळतं ते फक्त पोलाद. आपल्या जाड तारांवर बाहेरून ब्राँझचा वेढा असतो आणि पोलाद असतं नुसतं आतल्या गाभ्यात. वरच्या दोन तारा मात्र नुसत्या पोलादाच्या. त्यामुळे त्या दोनच तारा केकाटतात आणि बाकीच्या चार मागून चालतात. चांगल्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखालचा स्क्रू खालीवर करून हे बरंचसं जुळवता येतं. माझ्याकडे होता त्यात स्क्रूच नव्हते. नायलॉनच्या तारा असतील तर चुंबकवाल्या पिकअपपुढे तुम्ही वाजवा किंवा नका वाजवू, सारखंच. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने वडिलांच्या पैशांनी असा पिकअप नायलॉनच्या गिटारसाठी आणला होता. त्याचे वडील अजून मला जबाबदार धरतात, मी फक्त शेजारी राहतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. दोन वर्षांपूर्वी मुलाने मला तिसऱ्या जातीचा पिकअप भेट दिला. सॅडलच्या, म्हणजे ब्रिजवरच्या ज्या हाडाच्या पट्टीवर तारा टेकतात तिच्या खाली खाचेत एक पिझोची पट्टी जाते. पोटात एक छोटा प्रीअँप, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी त्याला बळ देणारं सर्किट, त्याला नऊ व्होल्टचा चौकोनी सेल, आणि गिटारच्या बुडाला, जिथे पट्ट्याची खुंटी असते, तिथे वायरची पिन घालायचा जॅक. प्रीअँप आतच असल्यामुळे झऱ्याचा प्रश्न मिटतो. मी तो बसवायला मोठ्या शहरातल्या एका दुकानात नेला. त्यांनी आधी गिटारच्या कुशीला करवतीने चौकोनी खिडकी पाडून बटणांचं पॅनेल बसवण्याचा आग्रह धरला. ते मी होऊ दिलं नाही. पॅनेल चार-पाच वर्षांत बिघडतं, त्याच मापाचं दुसरं मिळत नाही आणि गिटारच्या कुशीत खिडकी उरते ती उरतेच. मग त्यांनी पाऊण तासात काम उरकून दिलं. घरी येऊन वाजवली तर मधल्या दोन तारा मुक्या, खर्जाची तार मात्र ढोलासारखी. शिवाय बुडाच्या भोकाभोवती पॉलिशचा नखाएवढा टवका उडालेला आणि तारा बोटांना जड लागतायत.

मिरजेला माझा एक मित्र सतारमेकर आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं पेढ्यांचं निमित्त होतं म्हणून गेलो होतो, गिटार बरोबर घेतली. त्याच्याकडे हल्ली सतारीलाही पिकअप लावून मागतात. त्याने तारा सैल केल्या, सॅडल उपसून काढली, डोळ्यापुढे आडवी धरली आणि म्हणाला, "तुझी घोडी लंगडतीय." सतारवाले ब्रिजला घोडी म्हणतात. दुकानदाराने सॅडलची खालची कड हातातल्या हातात कानशीने घासली होती. मधे उजेड दिसत होता. ज्या तारांखाली फट, तिथे पट्टीवर दाब नाही, आणि दाब नाही तर आवाज नाही. पिझो दाबच ऐकतो.

पुढचं काम आम्ही दोघांनी त्याच्या ओसरीवर केलं, आणि ते सांगतो, कारण नव्वद टक्के भानगड इथेच असते. आरशाची जाड काच घेतली, तिच्यावर पॉलिश पेपर सपाट चिकटवला. सॅडलच्या खालच्या कडेवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारल्या. सॅडल उभी धरून, अजिबात न झुलवता, कागदावरून एकाच दिशेने ओढायची. चार हात ओढल्यावर बघितलं तर दोन्ही टोकांच्या रेघा पुसलेल्या, मधल्या तशाच. म्हणजे मधे खळगा. सगळ्या रेघा एकदम पुसल्या जाईपर्यंत ओढत राहायचं. यात माझा मित्र माझ्यापेक्षा दहा पट बरा, कारण जवारी काढणाऱ्याच्या, म्हणजे सतारीच्या घोडीचा माथा घासून सूर खुलवणाऱ्याच्या, मनगटाला सपाटी आणि गोलाई यांतला केसाएवढा फरक कळतो. मी ओढली की सॅडलची कड गोल होत होती. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर त्याने माझ्या हातून काढून घेतली.

तारा जड का लागत होत्या तेही तिथेच कळलं. माझी पट्टी दीड मिलिमीटर जाड आहे. ती खाली घातली म्हणजे सॅडल दीड मिलिमीटर वर आली. तेवढीच ती खालून कमी करायला हवी होती, दुकानात केलीच नव्हती. सॅडल दीड मिलिमीटर वर गेली की बाराव्या पडद्यापाशी तार पाऊण मिलिमीटर उचलली जाते. वाचायला पाऊण मिलिमीटर काहीच वाटत नाही, एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या त्या बारच्या सुरांवर बोट दाबून बघा.

खर्जाची तार ढोलासारखी का, तर पट्टीची वायर पोटात उतरवायला खाचेच्या टोकाला जे भोक पाडलं होतं ते सरळ उभं होतं. पट्टी तिथे काटकोनात वळत होती आणि वळणावर तिला पोक आलं होतं. नेमका त्या पोकावर खर्जाच्या तारेचा भार. भोक तिरकं हवं, त्याची वरची धार मोडलेली हवी. मित्राने गोल कानशीने ती धार मोडली, खाचेतला भुसा सायकलच्या पंपाने उडवला (फुंकर मारू नका, थुंकी जाते) आणि सॅडल परत बसवली. ती बोटाने खाली जाते आणि बोटाने वर येते इतकीच सैल हवी. हातोडीने ठोकून बसवलेली सॅडल खाचेच्या भिंतींना धरून बसते, पट्टीवर भार टाकत नाही.

बुडाच्या भोकाचा टवका काही भरून निघाला नाही, पण ते कसं करायचं तेही लिहून ठेवतो. खुंटीचं भोक मुळात लहान असतं, जॅकला १२ मिलिमीटर लागतं. आत लाकडाचा जाड ठोकळा असतो म्हणून तिथे भोक मोठं केलं तर गिटारला इजा नाही. पण ड्रिलचं साधं पातं आधीच असलेल्या भोकात शिरलं की दातासारखं पकडतं आणि झटका देतं. भोकाभोवती चिकटपट्टी लावावी आणि रीमरने, म्हणजे निमुळत्या पात्याने, हाताने फिरवत भोक वाढवावं. अर्धा तास जातो, जाऊ द्यावा. नंतर जॅक आतून त्या भोकात आणायचा ही खरी सर्कस. हात आवाजाच्या भोकातून आत जातो पण बुडापर्यंत पोचत नाही, आणि पोचला तर दिसत नाही. आम्ही पतंगाची लांब कामटी बुडाच्या भोकातून आत सारली, आवाजाच्या भोकापाशी तिच्या टोकावर जॅक ओवला आणि कामटी बाहेर ओढत आणली, जॅक आपोआप भोकात येऊन बसला. आतली चकती आणि नट धरायला वहिनींनी बांगड्या काढून हात घातला. आमच्या दोघांच्या पंजांना ते जमण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर वर्षभर गिटार सुरेख वाजली. मग कोजागरी.

त्या प्रीअँपला वेगळं बटण नाही. जॅकमध्ये पिन घातली की सेल चालू, काढली की बंद. अशी बहुतेक सगळ्याच पिकअपची सोय असते आणि ती उत्तम आहे, जर पिन काढली तर. कार्यक्रमाच्या नऊ दिवस आधी माझ्याकडे तालीम झाली. चहा आला, गप्पा झाल्या, गिटार कोपऱ्यात गेली आणि वायर तिच्यातच राहिली. नऊ दिवस सेल झिरपत राहिला. कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी पाचला साउंड चेक केला तेव्हा आवाज ठीक होता. मेलेल्या सेलची ही एक खोड असते, विश्रांती मिळाली की थोडा वेळ तरतरीत होतो. रात्री नऊच्या पुढे तिसऱ्या गाण्याला त्याने मान टाकली. घरी येऊन मोजला, पाच पूर्णांक आठ व्होल्ट. प्रीअँपला नऊ लागतात. तेवढ्यावर तो सुराचा माथा छाटून टाकतो, आणि मग जो आवाज येतो त्याला आपल्या पत्रलेखकांनी बिस्किटाचा डबा म्हटलं आहे.

मी काय केलं असेल? साउंडच्या मुलाला हाताने खूण केली, वाढव. त्याने मान हलवून नको म्हटलं. मी पुन्हा खूण केली, जरा रागाने. मी त्याच्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठा, तो काय बोलणार? त्याने वाढवलं, डबा मोठा झाला. मग तो स्वतः वाकत वाकत स्टेजवर आला आणि त्याच्याकडचा जादा माइक माझ्यासमोर लावला. यातही त्याने माइक मॉनिटरकडे पाठ करून लावला होता. मी तो हाताने धरून माझ्या सोयीने फिरवला. सरळ मॉनिटरच्या तोंडाकडे. माइकने ऐकलेलं मॉनिटर बोलतो, मॉनिटर बोललेलं माइक पुन्हा ऐकतो, आणि हे चक्र क्षणात चढत जातं. ती शिट्टी. मुलाने धावत जाऊन दोन सेकंदांत फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकती कळ, खाली ओढला. पेले तोवर खाली गेले होते.

तेव्हा पत्रलेखकांनी ज्याच्यावर ठपका ठेवला त्याने तिन्ही वेळा योग्य तेच केलं होतं आणि त्यातलं दोनदा मी मोडलं.

आता गावातल्या मंडळांना आणि सभागृहांच्या व्यवस्थापनाला माझी एक विनंती आहे, मी चुकलो म्हणून ती करू नये असं नाही. सभागृहाच्या सामानात दोन डीआय बॉक्स ठेवा. लोखंडी डबी असते, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. एका बाजूने गिटारची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूने माइकची वायर बाहेर येते. ही डबी बारीक झऱ्याला जपते आणि त्याचा आवाज अशा जोडीने पुढे पाठवते की तीस मीटर वायर टाकली तरी घरघर शिरत नाही. टेलिफोनची तारही अशीच पिळाची जोडी असते. दोन्ही तारांवर सारखीच बसलेली घरघर शेवटी वजा होऊन जाते, म्हणून तर मैलोन्‌मैल विजेच्या खांबांशेजारून जाऊनही आपल्याला बोलणं ऐकू येत होतं. अ‍ॅक्टिव्ह जातीच्या डीआय बॉक्सला मिक्सरवरूनच ४८ व्होल्ट मिळतात, त्याला सेल लागत नाही. एक्स्चेंजमध्येही ४८ व्होल्टच असत, मला उगाच घरच्यासारखं वाटतं. मुख्य पाहुण्यांच्या शाली-श्रीफळाच्या खर्चात एक डबी येते.

दुसरं याहून महत्त्वाचं. मांडवात एक्स्टेंशन बोर्डाला तीन पिनांची जागा असते आणि तिसऱ्या पिनेची तार कुठेच गेलेली नसते. कित्येकदा तर अँपच्या प्लगची अर्थिंगची जाड पिनच पकडीने मोडलेली मी पाहिली आहे, दोन पिनांच्या बोर्डात बसावी म्हणून. एका पावसाळ्यात माझ्या हाताखाली गिटारच्या जॅकचा धातू आणि ओठ माइकच्या जाळीला, असा झिणझिणीत झटका मी खाल्ला आहे. तिथे अनवाणी, ओल्या जमिनीवर उभी राहून गाणारी शाळेतली मुलगी असती तर? मंडळाने कार्यक्रमाआधी वायरमनला शंभर वॅटचा दिवा घेऊन बोलवावं, फेज आणि अर्थ यांच्यामध्ये लावून दाखव म्हणावं. दिवा लागला नाही किंवा मिणमिणला तर त्या रात्री गाणं नाही. काम वायरमननेच करावं, हौशी माणसाने नाही.

शेवटी, मला रस्त्यात गाठून "काका, कुठला पिकअप घेऊ" असं विचारणारी जी कॉलेजची मुलं आहेत, त्यांना एकेकट्याला सांगायचा कंटाळा आला आहे म्हणून इथेच सांगतो. घरात किंवा लहान खोलीत एकट्याने वाजवणार असाल, गिटार चांगली असेल आणि तिचा लाकडी आवाज हवा असेल, तर ब्रिजखाली पोटातून चिकटवायच्या चकत्या घ्या. सेल नाही, सॅडलला हात लावायचा नाही, फक्त पुढे डीआय बॉक्स हवा. पण मोठ्या आवाजात त्या लवकर घुमायला लागतात, कारण गिटारची पेटी शंभर हर्ट्झच्या आसपास स्वतःच फुंकणीसारखी घुमते आणि चकती ते सगळं ऐकते. भोकाला रबराचं झाकण लावलं की पुष्कळ फरक पडतो. ड्रम आणि कीबोर्डबरोबर वाजवणार असाल तर सॅडलखालची पट्टी किंवा स्क्रूवाला चुंबकाचा पिकअप. पट्टीचा आवाज जोरात वाजवलं की थोडा प्लास्टिकी होतो, मला तो सोसतो, माझ्या मुलाला सोसत नाही. काहीही घ्या, पण भोक पाडायच्या आधी चकती मळलेल्या पुट्टीने आठवडाभर नुसती टेकवून वाजवून बघा. चकती वीस रुपयांना मिळते. तेवढ्यावरच पुष्कळांचं काम भागतं, आणि उरलेल्या पैशांत चांगल्या तारा आणि एकदा नीट सेटिंग करून घेता येतं. सहा हजारांच्या गिटारला बारा हजारांचा पिकअप लावून आलेले दोघेजण माझ्याकडे येऊन गेले. दोघांच्याही सॅडल लंगडत होत्या.

मी स्वतः आता पट्टी तशीच ठेवून पोटात पुन्हा एक चकती चिकटवली आहे, सेल गेलाच तर आधाराला. जुन्या फोनमधलीच आहे.

पत्र लिहायच्या आधी मी त्या साउंडच्या मुलाला शोधून भेटलो. माधवनगर रस्त्याला एका गाळ्यात त्याचं सामान असतं. माफी मागितली तर तो भलताच अवघडला, स्टूल पुढे केलं आणि चहा मागवला. मग गिटारची पेटी उघडायला सांगितली, झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावली आणि मार्करने लिहिलं: "पिन काढा. सेल कधी घातला?" खाली तारखेसाठी जागा सोडली आहे. काल नवीन सेल आणला, तारीख घातली.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ
विश्रामबाग, सांगली